मातीच्या बैलांना आवाज

रविवार, २२ फेब्रुवारी. जागा : आमची कांदा साठवायची बराक. कांदा अजून शेतात, त्यामुळे रिकामी.

हजर : मी. माझे यजमान, करवंट्या वाजवायला. धाकटी जाऊ, ओली साडी झटकायला आणि मला चढवायला. धाकटे दीर, म्हणजे तिचे यजमान, गळ्याला मफलर गुंडाळून, न बोलावता.

गैरहजर : शेजारच्यांची पाण्याची मोटार. त्या आठवड्यात शेतपंपांच्या थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची होती, म्हणून दिवसा सगळं शिवार गप्प होतं. हाच मुहूर्त धरून मी रविवार ठरवला होता.

ही हजेरी मी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती. दिरांची ओळ तेवढी नंतर वाढवावी लागली.

त्या दिवशी आम्ही मातीच्या बैलांना आवाज देणार होतो. बाकीच्यांसाठी ते तेवढंच होतं. मला मात्र त्या आवाजानं एका माणसाचं तोंड भर यात्रेत बंद करायचं होतं, आणि तो माणूस मफलर गुंडाळून माझ्यासमोर बाजेवर बसला होता.

आधी बैल कुठून आले ते सांगते.

आमची भाजीपाल्याच्या रोपांची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर. गिऱ्हाईक फोन करतं, "वहिनी, रोपं कुठवर आली?" तोंडी उत्तरावर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून मी रोज सकाळी त्याच जागी उभी राहून त्याच ट्रेचा फोटो काढून ठेवायची. एकदा एका गिऱ्हाइकाला ते फोटो दाखवताना बोट जरा भराभर सरकवलं, तर मिरच्यांनी मातीतून डोकी वर काढली, माना झटकल्या आणि उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक हसलं. मी पुन्हा सरकवलं. गिऱ्हाईक गेल्यावर आणखी एकदा.

माझं माहेर महाळुंगे पडवळचं. तिथं पोळ्याला ओढ्यातल्या चिकणमातीचे बैल आम्ही पोरीच करायचो. ती माती हाताला अजून ठाऊक होती. जावेला म्हटलं, रोपं हलतात तर बैल का हलणार नाहीत? आम्ही चार बैल केले, मागे रिकामा गाडा आणि पुढे पळायला घोडी. घोडी जावेनं केली, म्हणून ती जरा जाड झाली. रोपं भरायच्या टेबलावर लाल मातीचा घाट, म्हणजे गाडे पळायची चढाची वाट, केला. बैल बोटाच्या पेराएवढा पुढे सरकवायचा, फोटो काढायचा. पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. वाकून वाकून दोघींची कंबर गेली. मोबाईलवर सगळे फोटो जोडले तेव्हा चहा पिऊन होईपर्यंत संपेल एवढी शर्यत झाली. आवाज नव्हता. आम्हाला सुचलाही नव्हता. बैल धावले याचंच आम्हाला केवढं अप्रूप.

धाकटे दीर बैलगाडा शर्यतीत माईकवर बोलतात. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या घाटांवर त्यांना बोलावणं असतं. गाडा सुटला की त्यांचं "भिर्रर्रर्र" पार नदीपलीकडे ऐकू येतं. त्यांनी आमची शर्यत पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, द्या माझ्याकडं. यात्रेला मोठा स्क्रीन लागनार हाय, त्याच्यावर लावतो." मी दिली. आनंदानं दिली, हे इथे लिहून ठेवते.

आदल्या वर्षीच्या त्या यात्रेत दिवेलागणीनंतर स्क्रीन उजळला. सुरुवातीलाच भाऊजींचा गॉगलवाला फोटो आला. खाली "सादरकर्ते" आणि त्यांचं नाव. मग आमचे बैल निघाले आणि त्यांच्यावर भाऊजींचा आवाज, पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. शिट्ट्या झाल्या. मी बायकांच्या बाजूला उठून उभी राहिले आणि म्हणाले, "हे आम्ही केलंय. मी आणि माझ्या जावेनं."

माझ्याकडे माईक नव्हता. त्यांच्याकडे होता.

"मंडळी, ऐका, ऐका!" ते म्हणाले. "आमच्या वहिनीचा म्हणं पिक्चर! अहो वहिनी, तुमचे बैल मुके व्हते. मुक्या बैलाला आवाज आमी दिला. आवाज नाय तर काय हाय त्यात? मातीची ढेकळं!"

सगळा घाट हसला. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि गावच्या ग्रुपवर टाकलं. पुढे वर्षभर मी बँकेत गेले, दळणाला गेले, नारायणगावला रोपं पोचवायला गेले, की कुणीतरी असायचंच : "काय वहिनी, ढेकळं कशी हायेत?"

यजमान म्हणाले, "जाऊ दे. आपलाच हाय."

मी म्हटलं, "आपला आहे म्हणूनच जाऊ द्यायचं नाही."

मी ठरवून टाकलं. पुढच्या यात्रेत तोच स्क्रीन, तीच माणसं. शर्यत नव्यानं करायची आणि तिला आवाज आम्हीच द्यायचा. आणि शेवटी त्याच माईकवरून भाऊजींनी सांगायचं, पिक्चर वहिनीचा आहे, माझं चुकलं. बाकी शाल-नारळ काही नको.

आवाज जोडणं शिकायला मुलीचा जुना लॅपटॉप काढला. ती पुण्याला नोकरीला आहे, तिनं फोनवरून एक फुकटचा प्रोग्रॅम टाकायला सांगितला, नवशिक्यांसाठीचा. त्यात पडद्याच्या खालच्या बाजूला पट्ट्या असतात. वरच्या पट्टीत चित्र, खालच्या पट्ट्यांत आवाज. एका पट्टीत टापा, दुसरीत चाकं, तिसरीत माणसं. रोपांच्या रांगांसारखंच. कुठल्या रांगेत काय लावलंय ते लिहून ठेवलं की गोंधळ होत नाही. "दोस्तों, सबसे पहले" म्हणून सुरुवात करणारे व्हिडिओ मी रोज जेवणानंतर बघायचे आणि एकेक गोष्ट करून पाहायचे. आवाज कापायचा कसा, सरकवायचा कसा, हळूहळू विझवायचा कसा. चित्राला चिकटलेला आवाज सोडवून वेगळा कसा काढायचा, हे शिकले तेव्हा मनात एक गोष्ट येऊन गेली. ती पुढे सांगते.

पहिल्या प्रयत्नात बैल थांबले तरी टापा चालूच राहिल्या. जाऊ म्हणाली, "ताई, बैलांची भुतं पळत्यात मागनं." दुसऱ्यात सगळ्या आवाजांखाली एक घूंऽऽ होतं. ते काही केल्या जाईना. आवाज बारीक करून पाहिला, कापून पाहिला. शेवटी कळलं, ती शेजारची मोटार. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या थाळ्या आमच्या गच्चीवरून दिसतात. त्या म्हणे आकाशातलं बारीक सारीक ऐकतात. आम्हाला बांधापलीकडची मोटार गप्प करता येईना. म्हणून थ्री फेजचं वेळापत्रक बघून रविवार धरला आणि बराकीच्या बांबूच्या फटींवर घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. जानेवारीत एका गावच्या घाटावर बोलता बोलता भाऊजींचा आवाज चिरकला आणि गेलाच. डॉक्टर म्हणाले, ओरडून ओरडून स्वरयंत्राला सूज आली आहे. दोन-तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. घरात शांतता झाली. मी देवाचे आभार मानले नाहीत, पण तक्रारही केली नाही.

शत्रूचा आवाज बसला की सूड सोपा होतो असं वाटेल. उलट झालं. ज्या तोंडानं बोलले त्याच तोंडानं मला परत हवं होतं, आणि ते तोंड आता चहाला सुद्धा हो-नाही मान हलवून सांगत होतं.

तर बराकीत आम्ही चौघं.

माझी यादी तयार होती. चाकांसाठी आमची ट्रे वाहायची ढकलगाडी, तिचं एक चाक जन्मापासून कुरकुरतं. धुळीसाठी चाळणीतून कोकोपीट चाळायचं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यातच आम्ही रोपं लावतो. झेंडा पडतो तेव्हाच्या फटक्यासाठी ओली साडी. घोडीच्या गळ्यात जावेचे शाळेतल्या नाचाचे घुंगरू. गर्दी यजमानांनी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आधीच भरून आणली होती. चांगली होती, फक्त मध्येच कुणीतरी "ए, क्रेट उचल!" म्हणून ओरडतं. आणि टापांसाठी नारळाच्या करवंट्या.

यजमानांनी करवंट्या फरशीच्या तुकड्यावर आपटल्या. टक टक, टक टक.

जाऊ म्हणाली, "दादा, बैल हायेत का टांग्याचं घोडं?"

"मग कसं करू? तूच कर."

"मातीवर आपटा की."

मातीवर आपटल्या तर काहीच आवाज येईना. जोरात आपटल्या तर एक फुटली. तेवढ्यात उसाच्या कडेच्या वाटेनं मोठ्यानं गाणं यायला लागलं. आमच्याकडे उसाजवळून जाताना लोक मोबाईलवर गाणं मोठं करून चालतात, म्हणजे बिबट्या बाजूला होतो. गाणं बराकीशी येऊन थांबलं.

"कोन हाय आत?" शेजारचे काका. "गोधड्या कशापायी टांगल्यात? कुनी बाळंत झालंय का?"

"काका, आवाज भरतोय! गाणं बंद करा!"

"बंद करू? अन् बिबट्यानं धरलं मग?"

"धरलं तर त्याचाबी आवाज भरून घेऊ," जाऊ म्हणाली. "आमाला लागतोच हाय."

काका हसत, गाणं आणखी मोठं करून गेले. त्यातच आमच्या लाडक्या कुत्र्यानं भुंकत बराकीला प्रदक्षिणा घातली. मी यादीत टापांपुढे फुली मारली आणि म्हटलं, "पुन्हा."

यजमानांनी पुन्हा टक टक केलं.

बाजेवरून एक आवाज आला. आवाज म्हणजे, भाऊजींनी पितळी पेला बाजेच्या लाकडावर आपटला. एवढे दिवस चहा हवा असला की ते असंच करत. मी म्हटलं, "चहा नंतर." त्यांनी मान हलवली. चहा नको होता. ते उठले, यजमानांच्या हातातल्या करवंट्या काढून घेतल्या आणि कोपऱ्यात भिरकावल्या.

मग घमेल्यात ओलं कोकोपीट होतं ते पुढे ओढलं, त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्याकडे बघून बोट वर केलं. ऐक.

आधी त्यांनी रिकाम्या बियाण्याच्या डब्यावर नखांनी सुरू केलं, हलकं, भराभर. ती घोडी. घोडी आधी निघते, हे आम्ही विसरलोच होतो. मग एक मूठ कोकोपीटमध्ये, खोल. थोडं थांबून दुसरी. म्हणजे गाड्याला पहिला हिसका बसतो, एक बैल आधी पाय टाकतो, दुसरा मागून. चारी बैल एकदम सुटत नाहीत. मग मुठी वाढत गेल्या. पुढची जोडी मनगटानं, मागची कोपराजवळच्या हातानं, आणि दोन्ही जोड्या एका लयीत कधीच नाहीत. धपधप, ध-धप, धपधप. कोकोपीट उडून त्यांच्या मफलरवर बसलं. डोळे मिटलेले होते. तोंड उघडं होतं, भिर्रर्रर्रच्या आकाराचं, पण त्यातून काही येत नव्हतं.

मी फोनचं बटण कधीच दाबलं होतं.

जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, माज्या अंगावर काटा आला. ह्या मानसाचा राग बी येतो अन् काटा बी येतो."

मला तो आवाज आवडला. त्यांनी काढला हे अजिबात आवडलं नाही. मी "पुन्हा" म्हटलं. त्यांनी पुन्हा केलं. आणखी दोनदा करायला लावलं, गरज नसताना. घामानं मफलर भिजला तेव्हा म्हटलं, "झालं. आता चहा."

नंतर यजमान म्हणाले, "शेवटच्या पाटीत त्याचंबी नाव टाक. टापा त्यानं दिल्यात."

"गेल्या वर्षी बैल मी दिले होते," मी म्हटलं. "कुणाचं नाव होतं पाटीवर?"

त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि विषय बदलला.

पाटीवर दोनच नावं आली. माझं आणि जावेचं. टापा, चाकं, धूळ, झेंडा, घुंगरू सगळं त्या दोन नावांखाली. मला त्याचं आजही काही वाटत नाही. जसं पेरलं तसं.

आता ती मनात आलेली गोष्ट. चित्रापासून आवाज सोडवता येतो हे कळल्यावर मी गेल्या वर्षीची भाऊजींची शर्यत लॅपटॉपवर घेतली आणि आवाज खाली ओढून वेगळा केला. त्यांच्या आवाजाची पट्टी बघण्यासारखी होती. आमच्या टापा म्हणजे लहान लहान टेकड्या. त्यांचा आवाज म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेली भिंत, वरून लाल. मग गावच्या ग्रुपवरचा तो व्हिडिओ घेतला, ढेकळांचा. त्याचाही आवाज सोडवला. आणि कापायला बसले.

"मंडळी, ऐका, ऐका." हे तसंच ठेवलं.

"आमच्या वहिनीचा म्हणं पिक्चर." इथे पट्टी मोठी करून बघितली. मध्ये एक छोटा उंचवटा होता, तांदळाएवढा. तेच ते "म्हणं". त्याच्या अलीकडे एक काप, पलीकडे एक काप. उंचवटा उचलला आणि टाकून दिला. दोन्ही बाजू जवळ आणल्या. ऐकलं.

"मंडळी, ऐका, ऐका! आमच्या वहिनीचा पिक्चर!"

भाऊजींच्याच आवाजात, त्यांच्याच तोऱ्यात. मी जावेला हाक मारली. तिनं कणकेच्या हातानं ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं आणि मटकन खाली बसून हसली.

"अजून एक हवं," मी म्हटलं. "'माझं चुकलं.' 'माझं' मिळालंय, 'माझं लक्ष हाय' म्हणालेत एका ठिकाणी. 'चुकलं' शोधतेय."

शोधायला सोपं वाटलं होतं. शर्यतीत चुकण्यासारखं किती असतं. गाडा चुकतो, घोडी चुकते, घड्याळ चुकतं. मी त्यांची सगळी जुनी बोलणी गोळा केली, लोकांच्या मोबाईलवरची, वेगवेगळ्या घाटांवरची. घाटघरच्या पाहुण्यांकडून एक मागवलं. "हुकलं" सापडलं, "थोडक्यात गेलं" सापडलं, "पब्लिक मदी आलं" सापडलं, "पंचांनी नीट बगावं" तर ढीगभर. "चुकलं" नाही.

जाऊ म्हणाली, "ताई, मी त्यांच्यासंगं वीस वर्षं संसार केला. मला नाय कधी ऐकू आला त्यो शब्द. तुमाला लॅपटॉपात कुठनं सापडंल?"

म्हणून "माझं" पुन्हा जागच्या जागी ठेवून दिलं आणि जेवढं होतं तेवढ्यावर यात्रेला गेलो.

यात्रा चैत्रात. दिवसा खरे गाडे पळाले, माईकवर दुसऱ्याच गावचा माणूस होता. त्याचं कुणाला काही पटलं नाही. भाऊजी पुढच्या खुर्चीवर बसले होते, मफलर उन्हाळ्यातही. दिवेलागणीनंतर स्क्रीन लावला आणि मी पेन ड्राईव्ह स्वतःच्या हातानं खुपसला. या वेळी कुणाच्या हातात दिला नाही.

आधी अंधार. त्यात डब्यावरची नखं. कुणीतरी मागून म्हणालं, "घोडी निगाली." अजून चित्र आलंही नव्हतं. मग पहिली मूठ पडली, खोल, आणि स्क्रीनच्या मोठ्या स्पीकरातून ती पायाखालच्या मातीत उतरली. दुसरी. चारी बैल सुटले तेव्हा बायकांच्या बाजूला एक म्हातारी उठून उभी राहिली आणि हवेत हात फिरवायला लागली, "हाऽऽ हाऽऽ!" झेंडा पडला, साडीचा फटका वाजला. बाजारातली गर्दी ओरडली. "ए, क्रेट उचल!" मी कापायचं विसरले होते, आणि सगळ्यात मोठा हशा त्यालाच झाला.

माईकवरचा एक शब्द नव्हता आमच्या शर्यतीत. माईकवाला लागलाच नाही.

पाटी आली. दोन नावं. टाळ्या आल्या, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. मी भाऊजींकडे बघत होते. ते आपल्या मुठींकडे बघत होते.

आणि मग स्क्रीन काळा झाला आणि सगळ्या यात्रेवरून तो आवाज गेला, जानेवारीपासून कुणी न ऐकलेला :

"मंडळी, ऐका, ऐका! आमच्या वहिनीचा पिक्चर!"

मला वाटलं होतं, लोक हसतील. गेलं वर्ष आठवेल. कुणीतरी त्यांच्याकडे बघून "काय भाऊ, ढेकळं?" म्हणेल. मी त्या एका वाक्यासाठी वर्षभर थांबले होते.

कुणी हसलं नाही. मग यात्रा कमिटीचे अध्यक्ष माईकपाशी गेले. टोपी काढून हातात धरली.

"मंडळी, बघा. आपल्या भाऊंचा आवाज गेलाय. पन जायच्या आधी त्यांनी काय भरून ठिवलं? सवताचं नाव न्हाई! वहिनीचं! गेल्या साली चेष्टा केली व्हती, यंदा मान दिला. लई मोठ्या मनाचा मानूस! वाजवा टाळ्या!"

यात्रा उभी राहिली. भाऊजीही उभे राहिले. एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, कुठे कापलं आणि काय काढलं ते सुद्धा, कारण स्वतःचं बोलणं कुणाला ओळखू येत नाही? मला वाटलं आता हात हलवून नाही म्हणतील. त्यांनी मफलर सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि चारी दिशांना वाकून नमस्कार केला.

शाल आणि नारळ त्यांना. मला एक गुलाब.

जाऊ परतीच्या वाटेवर टेम्पोत इतकं चिडून बोलत होती की यजमानांना दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. मी गुलाब धरून बसले होते. गुलाबाचे काटे काढलेले नव्हते, तेवढं लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी ओट्यावर आले आणि फोन माझ्यापुढे धरला. टाईप केलं होतं : "टापा माझ्या होत्या. पाटीत नाव नाही."

मी ते मोठ्यानं वाचलं, आतल्या लोकांना ऐकू जाईल असं. मग म्हटलं, "ऐकलं का? भाऊजींच्या टापा, म्हणं!"

स्वयंपाकघरातून जावेच्या हातातलं ताट पडलं. ती हसत होती. भाऊजींनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढी चांगली संधी आणि आवाज नाही. ते तसेच परत गेले, पायातली एक चप्पल ओट्यावरच राहिली. ती सकाळ बरी गेली माझी. पण सकाळच ती. गावात अजून ते मोठ्या मनाचेच आहेत. बँकेत आता मला म्हणतात, "नशीबवान हाय वहिनी, असा दीर मिळाला."

एप्रिल संपता संपता डॉक्टरांनी त्यांना थोडं थोडं बोलायची परवानगी दिली. पहिला शब्द "चहा" होता. तेव्हापासून माझा फोन आवाज भरायच्या बटणावर तयार असतो. जावेला सांगून ठेवलंय, काही सांडलं, हरवलं, विसरलं, की मला आधी हाक मार.

परवा संधी आली. भाऊजी मोटारसायकल वळवत होते, मागचं चाक माझ्या मांडणीला लागलं आणि टोमॅटोच्या रोपांचे ट्रे खाली आले. रोपं उलटी, मुळं वर, कोकोपीट सगळीकडे. जाऊ पळत आली आणि तिनं आधी माझ्या फोनकडे बघितलं. फोन चालू होता. भाऊजींनी गाडी बंद केली. रोपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घसा साफ केला. मी फोन जरा पुढे धरला.

"वहिनी," ते म्हणाले, अजून घोगरं, पण स्पष्ट, "ट्रे वाटंत व्हता."

रोपं वेचली, जगतील ती परत लावली. पुढच्या यात्रेच्या शर्यतीसाठी लॅपटॉपवर नवीन पट्ट्या आखून ठेवल्या आहेत. टापांची या वेळची पट्टी मी आणि जाऊ स्वतः मुठींनी भरतोय, ओलं कोकोपीट, मनगटं सुजली आहेत. चाकं झाली. घुंगरू झाले. गर्दी बदलली. पुढच्या यात्रेपर्यंत ते पुन्हा माईकवर असतील, तेव्हा आवाज जायच्या आधी मान भरून ठेवला, अशी गोष्ट कुणी सांगू शकणार नाही. अगदी शेवटी "मंडळी, ऐका, ऐका, आमच्या वहिनीचा पिक्चर" जोडलं आहे, त्यानंतर "माझं", आणि "माझं"च्या पुढे एका शब्दाएवढी जागा रिकामी सोडली आहे.

यादीत बाकी : भाऊजी, "चुकलं", आवाज भरणे.